नवशिक्यांचं टेबल

दार चुकलं, एवढंच झालं.

दातांचा दवाखाना होता तिसऱ्या मजल्यावर आणि ती थांबली दुसऱ्यावरच. बाहेर पावसाची भुरभुर होती. एका हातात ठिबकणारी छत्री, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा डबा, म्हणून दार तिनं खांद्यानंच ढकललं.

आत दवाखाना नव्हता. लांबट खोली, दोन मोठी टेबलं, टेबलांवर दिवे आणि दिव्यांखाली माना घालून बसलेली माणसं. कुणी वर पाहिलं नाही. फक्त खिडकीकडच्या टेबलाशी उभा असलेला एक उंच माणूस वळला. चष्मा कपाळावर चढवलेला आणि नाकावर हिरवा डाग.

"या, या. फार उशीर नाही झालेला," असं म्हणत त्यानं एक खुर्ची ओढली. "छत्री तिकडे ठेवा. हात ओले आहेत ना? बरं झालं. कोरड्या हाताला हे चिकटतं."

"नाही, मी..."

"पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात. बसा."

ती बसली. का बसली, हे तिला पुढे कितीतरी दिवस सांगता आलं नाही. त्यानं खुर्ची अशी ओढली होती, जणू ती येऊन बसणार हे तिथल्या सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

"हत्यारं आणलीत वाटतं. छान," म्हणत त्यानं तिचा डबा उघडला.

डब्यातून कवळी हसली. वरची आणि खालची, दोन्ही.

तो क्षणभर बघत राहिला. मग झाकण अगदी हळू, एखाद्याची झोप मोडू नये तसं, परत लावलं.

"इतक्या मोकळेपणानं इथे अजून कुणी हसलं नव्हतं," तो म्हणाला.

ती खुदकन हसली. आणि हसली ती हसलीच.

"तुम्ही बनवता हे?" त्यानं विचारलं. "नाही, विचारतो अशासाठी, की हाताला बारीक कामाची सवय असेल तर हे टेबल तुमचं नाही. हे नवशिक्यांचं. ज्याला एक माणूस नीट पूर्ण करता येतो, तो तिकडे, भिंतीकडच्या टेबलावर."

तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथे गळ्यात टेप लटकवलेले एक जाडजूड गृहस्थ कुणाला तरी म्हणत होते, "याला गुडघा म्हणतात? हा गुडघा असेल तर मी परी आहे." ते शिंपीकाका. पूर्वी शिवणकामाचं दुकान होतं, आता हा छोट्या मूर्तींचा क्लब म्हणजेच त्यांचं दुकान.

तिनं पुन्हा खिडकीकडे पाहिलं. नाकावरचा हिरवा डाग अजून तिथेच होता.

"नाही," ती म्हणाली. "मी फक्त पोचवते."

खरं असं होतं, की गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचं हसू तिच्या हातचं होतं. घराच्या मागच्या खोलीत ती आणि बाबा कवळ्या बनवायचे. मेण कोरणं, दात बसवणं ही बाबांची शिकवण. आणि दाताचा रंग ओळखणं आईकडून आलेलं. लोकांना दात पांढरे दिसतात. आईला त्या पांढऱ्यात पिवळा, करडा, गुलाबी, सगळं दिसायचं. आई गेली तेव्हा ते काम तिच्याकडे आलं, आणि बाबांच्या लक्षात आलं की डोळेही आईचेच आलेत.

पण हे सगळं त्या खिडकीशी सांगितलं असतं, तर खुर्ची उचलून गुडघेवाल्या काकांकडे जावं लागलं असतं. आणि तिला तर आत्ताच बसायला सांगितलं होतं.

त्यानं तिच्यापुढे दोन रंगांची एक पट्टी ठेवली. अर्धी निळी, अर्धी पिवळी, दोन्ही शेजारी शेजारी चिकटलेल्या. "ही लांबी, म्हणजे पुट्टी. एपॉक्सीची. दोन्ही एकत्र मळल्या की हिरव्या होतात आणि मग घट्ट व्हायला लागतात. पण त्याआधी हे करायचं." त्यानं पातीनं मधली बारीक कड कापली आणि बाजूला टाकून दिली.

"फेकून का दिलंत?"

"जिथे दोघं आधीपासून एकमेकांना लागून असतात ना, तिथे ती कडक होऊन बसलेली असतात. मग कितीही मळा, मध्ये खडे लागतात."

"म्हणजे आधीची ओळख चालत नाही."

"इथे तरी नाही," तो म्हणाला. मग चष्मा शोधायला लागला. खिशात, टेबलावर, दिव्यामागे... ती बघत राहिली. शेवटी तिनं बोट आपल्याच कपाळाला लावून दाखवलं.

"हां," तो म्हणाला आणि लाजला. पुरुषमाणसाचे कान इतके लाल होतात, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या पेशंटला दात बरेच उशिरा मिळाले.

मग ती दर रविवारी जायला लागली. सगळे त्याला सर म्हणायचे, म्हणून तीही म्हणायची. एरवी तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. शिकवायची त्याची एक रीत होती. आधी तारेचा सांगाडा. त्यावर लांबीचा पातळ थर, नुसतं अंग. ते पुढच्या रविवारपर्यंत वाळू द्यायचं. मग त्यावर कपडे, मग चेहरा. "सगळं एकदम करायला गेलात तर सदरा करताना छाती दबते," तो सांगायचा. "एक थर झाला की हात काढून घ्यायचा. हेच अवघड असतं." हत्यार दर वेळी पाण्यात बुडवायचं. आणि लांबी तो स्वतः मळून द्यायचा, कारण नवशिक्याचं प्रमाण चुकतं आणि प्रमाण चुकलं की सगळंच चुकतं.

पहिला माणूस तिनं इतका सुरेख केला असता की काकांनी टेप काढून ठेवला असता. म्हणून तिनं त्याला दोन्ही हात डावे लावले.

सरांनी तो दिव्याखाली धरला. बराच वेळ बघितला. "दोन्ही हात डावे आहेत," तो म्हणाला.

"अय्या, हो का?"

"पण काय हात आहेत... नखंसुद्धा आहेत."

"चुकून आली असतील."

दुसऱ्या माणसाचं डोकं तिनं पाठीकडे बसवलं. तिसऱ्याचा एक पाय आखूड केला, तो उभा केला की सलाम केल्यासारखा पुढे कोसळायचा. तोपर्यंत तिच्यामागून आलेली नर्स भिंतीकडे गेली. बस चालवणारे एक मामा होते, त्यांची बोटं लाटण्यासारखी जाड, तेही गेले. जाताना म्हणाले, "ताई, नेटानं करा. माझ्यासारख्याला जमलं." तिनं मान खाली घालून हो म्हटलं. आणि खिडकीशी राहिली.

कारण खिडकीशी तो असायचा. तिच्या खांद्यावरून वाकून तिचं काम बघायचा, तेव्हा त्याच्या सदऱ्याला काचा पुसायच्या पाण्याचा वास यायचा. कधी हत्यार कसं धरायचं हे दाखवायला तो तिचं बोट जरासं वळवायचा. हत्यार कसं धरायचं हे तिला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. तरी ती दर रविवारी विसरून यायची.

"तुम्ही परत पेनासारखं धरलंत."

"सवय जात नाही हो."

"मी दाखवतो."

"दाखवा ना."

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. सुरुवातीचे काही रविवार लांबीचा रंग चांगला होता. पुढे पुढे तिच्या वाट्याला येणारा गोळा पिवळसर यायला लागला. पिवळं जास्त झालं की लांबी लेचीपेची राहते, कोरलेल्या कडा बसून जातात, नाक पुढच्या रविवारी बघावं तर सपाट. दुसऱ्या कुणाला तो फरक दिसला नसता. तिला दिसायचा. ती मनात म्हणायची, बिचारा. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून राबतो आणि याला स्वतःला साधा हिरवा ओळखू येत नाही. तिला त्याची कीव यायची. कीव आली की तो आणखीच आवडायचा. आणि सांगायची तर सोयच नव्हती, कारण जी बाई नुसती पोचवते तिला हे कळणार कसं?

हे असंच चाललं असतं. पण एका रविवारी क्लास सुटताना शिंपीकाका गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरून तिच्यासमोर उभे राहिले.

"बाई, तुमचा इथे मुरांबा घातलाय का?"

"काका..." सर मध्ये पडला.

"तू गप रे. तूच बसवून ठेवली आहेस." मग तिच्याकडे वळून, जरा मऊ आवाजात, "हे बघा, रागावू नका. नव्या लोकांना खुर्ची नाही. लोक येऊन परत जातात. पुढच्या रविवारी एक धड माणूस करा. झाला, तर माझ्या टेबलावर या. नाही झाला, तर... एखाद्याचा हातच नसतो त्यात. त्यात कमीपणा नाही. खुर्ची तेवढी मोकळी करा."

 चांगलं केलं तर त्याच्या टेबलावरून उठायचं. वाईट केलं तर क्लबातूनच उठायचं. तिनं सरांकडे पाहिलं. तो हत्यारं पुसत होता. तेच ते एक हत्यार, पुन्हा पुन्हा.

त्या आठवड्यात ती वाळलेलं अंग घरी घेऊन गेली. संध्याकाळी मागच्या खोलीत आली तर बाबा भिंग लावून ते बघत बसलेले.

"हे कुणी केलं?"

"मीच. क्लासला."

"खोटं." बाबांनी भिंग खाली ठेवलं. "खांदा बघ. खांदा करणाऱ्याला खांदा येतो. मग त्यानंच कंबर अशी वाकडी कशी केली? ही चूक नाही, हा वात्रटपणा आहे. कवळीत केला असतास तर घराबाहेर काढली असती."

ती स्टुलावर बसली आणि सगळं सांगून टाकलं. डावे हात, पाठीकडचं डोकं, पोचवते म्हणून सांगितलेलं, सगळं. बाबा ऐकत होते. मध्येच त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा ते हसतायत हे तिच्या ध्यानात आलं.

"हसू नका हो बाबा."

"नाही हसत." त्यांनी डोळे पुसले. "तुझी आई पहिल्यांदा आपल्याकडे कामाला आली, तेव्हा माझ्या वडिलांनी लावलेला रंग बघून म्हणाली, हे दात माणसाचे नाहीत, घोड्याचे आहेत. पहिल्याच दिवशी. वडील लाल झाले. मी तिथेच ठरवलं."  खोलीत मेण वितळल्याचा वास होता. "मला ती कशी आहे ते पहिल्या दिवशीच कळलं, म्हणून मला ती आवडली. तू त्या माणसाला काय दाखवलंस? जिला काही येत नाही अशी बाई. समजा, त्याला तीच आवडली. मग जन्मभर डावे हात करत बसशील?"

"आणि त्याला चांगलं येणारी नाही आवडली तर?"

"तर तुझं कामच चांगलं होईल. तेवढं तर होईल." बाबा उठले. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरासा जड. "कंबर सरळ कर आधी त्याची. मला झोप नाही लागणार."

तिनं कंबर सरळ केली. तार बदलली, अंग नव्यानं केलं, जसं करता येत होतं तसं.

रविवारी पुन्हा भुरभुर होती. खिडकीच्या काचेवर थेंब एकमेकांत मिसळून खाली घसरत होते. तिनं ते नवं अंग टेबलावर ठेवलं आणि सर काय म्हणतो याची वाट बघत बसली. त्यानं ते उचललं, उलटसुलट केलं, परत ठेवलं.  मग पलीकडे तोंड करून लांबी मळायला घेतली. नेहमीपेक्षा जास्त वेळ मळत होता. गोळा तिच्यासमोर ठेवला, तेव्हा त्याची बोटं हिरवी झाली होती.

तिनं गोळ्याकडे पाहिलं. मग उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

हिरवा होता. चोख, भरलेला हिरवा. त्यात पिवळ्याचा मागमूस नव्हता.

म्हणजे त्याला येत होतं. पहिल्यापासून येत होतं. मग ते बाकीचे सगळे रविवार...

 ती गोळा हातात धरून तशीच बसली.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "सुरू करा. तासाभरात घट्ट होईल."

"आज रंग बरोबर आलाय."

"नेहमीचाच आहे."

"नेहमीचा नाही. नेहमी पिवळं जास्त असतं."

त्याचे कान लाल व्हायला लागले.

"मला वाटायचं, तुम्हाला मिसळता येत नाही," ती म्हणाली.

"मला वाटायचं, तुम्हाला कळत नाही."

"मला दाताचा रंग लावता येतो. मेण कोरता येतं. ती पहिल्या दिवशीची कवळी माझ्याच हातची होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"दोन्ही हात डावे करायला आधी डावा हात नीट यावा लागतो," तो म्हणाला. "आमच्या बसवाल्या मामांनी पहिल्यांदा केलेला हात पाहिलात? काटा-चमच्यासारखा होता. तुमच्या हातांना नखं होती. त्याच दिवशी काकांना सांगायला हवं होतं, की हिला तिकडे न्या."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यानं चष्मा नाकावर आणला, परत कपाळावर नेला. "तुम्ही चुका करत होतात, तोवर ठीक होतं. मग वाटलं, एखाद्या रविवारी हिला कंटाळा आला आणि हिनं नीट केलं तर? म्हणून पिवळं जास्त घालायला लागलो. शिकवणाऱ्यानं असं करू नये. मला ठाऊक आहे. आज चुकीचं दिलं असतं तर तुम्ही कायमच्या गेल्या असतात, म्हणून..."

"म्हणून भिंतीकडे पाठवताय."

"तिथून दिसाल तरी."

 हातातला गोळा तिच्या उबेनं मऊ झाला होता.

"सरका," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

आणि तिनं हत्यार पाण्यात बुडवलं. ते बोटांत धरलं, जसं ती रोज मागच्या खोलीत धरायची तसं. तो बाजूला उभा राहून बघत होता आणि तिनं त्याला बघू दिलं. लांबी आधी चिकट होती, तेव्हा तिनं नुसतं पोट दिलं. जरा आवळल्यावर सदरा, बाह्यांच्या चुण्या, कॉलर. मग गळ्यात लोंबणारा टेप. शेवटी चेहरा. गाल फुगलेले, भुवया जवळ आलेल्या आणि ओठ घट्ट मिटलेले, कारण त्या ओठांत टाचण्या धरल्या होत्या. त्यासाठी तिनं केसाइतकी बारीक तार कापून तीन ठिकाणी टोचली. अंगठ्याएवढा शिंपी टेबलावर उभा राहिला. आता कुणाला तरी रागावणार, पण तोंडात टाचण्या आहेत म्हणून थांबला आहे, असा.

सगळी खोली जमली. नर्स हसली, मामांनी शीळ घातली. शिंपीकाका आले, वाकले, दिवा जवळ ओढला.

"कॉलर बरोबर आहे," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "चुण्या बरोबर आहेत. पोट माझं नाही."

"तुमचंच आहे काका," नर्स म्हणाली.

"मी बाईंना विचारतोय." ते तिच्याकडे वळले. डोळे बारीक करून तिला न्याहाळलं, मग सरांना. दोघांना आलटून पालटून. त्यांनी आयुष्यभर माणसांची मापं घेतली होती. "असं आहे तर," ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं, "उचला खुर्ची. माझ्या शेजारी नको, जिथून खिडकी दिसते, तिथे ठेवा."

खुर्ची सरांनी उचलली. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एरवी दहा-बारा पावलांची खोली, त्या दिवशी लांब वाटली.

क्लास सुटल्यावर ती जिन्यात थांबली. माणसं उतरून गेली. मामा, नर्स, काठी टेकत काका. सर्वांत शेवटी तो आला. कुलूप लावलं, वळला, तर ती समोर.

"आज वर दात पोचवायचे नाहीत?" त्यानं विचारलं.

"नाहीत. आज मी तुमच्यासाठी थांबले." तिनं कठडा धरला. घरून निघताना बरंच काही ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. "मला तुम्ही आवडता. हे सांगायला एवढी माणसं बिघडवायची गरज नव्हती. पण आवडता."

तो पायरीवर मटकन खाली बसला. 

"बरं वाटत नाही का?"

"वाटतंय. खूप बरं वाटतंय. जरा बसू दे."

ती त्याच्या शेजारी बसली. जिन्याच्या जाळीतून पावसाचा गार वारा येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यानं आपला हात उघडा करून गुडघ्यावर ठेवला. तिनं त्यात आपला ठेवला. दोघांचेही तळवे लांबीनं खरखरीत झाले होते.

"घरी आईला तुमच्याबद्दल सांगून ठेवलंय मी," तो म्हणाला.

"काय सांगितलंय?"

"की क्लासला एक मुलगी येते, तिला काही म्हणजे काही येत नाही. आई म्हणाली, मग कंटाळून सोडून देईल. मी म्हटलं, मी सोडू देत नाही. तेव्हापासून आई दर रविवारी विचारते, आली होती का रे तुझी ती, काही न येणारी?"

तिला हसू आवरेना. "आणि आता काय सांगणार? तिला सगळं येतं म्हणून?"

"तिचा विश्वास बसायचा नाही."

"मग?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, नीट नाकावर बसवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"तूच चल ना सांगायला," तो म्हणाला. आणि आपण काय बोलून गेलो ते कळून थबकला.

तिनं छत्री उचलली आणि उभी राहिली.

"चल," ती म्हणाली.